क्रुसाचा मानकरी

सकाळपासून नाबोरनं एकही कौल सरळ टाकलं नव्हतं. टाकत होता ते दाजीच्या छातीवर.

छपरावरून कौलं उतरवायची म्हणजे माणसांची साखळी लागते. आढ्याजवळचा माणूस कौल उचकटतो आणि खालच्याकडं टाकतो, तो त्याच्या खालच्याकडं, आणि शेवटचा ते गाडीच्या हौद्यात रचतो. टाकणारा चांगला असला तर कौल हातात येऊन बसतं, झेलणाऱ्याला मानही वर करावी लागत नाही. नाबोर चांगलाच टाकणारा होता, सगळ्या टोळीत त्याच्यासारखा हात कुणाचा नव्हता. आज मात्र तो कौल गिरकी देऊन, धार पुढं करून सोडत होता. खाली क्रिसोफोरो, म्हणजे फोरो, त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्याची दोन बोटं फुटली होती, हातमोज्यातून रक्त येत होतं, तरी तो हसत होता. साखळी तोडली की संध्याकाळपर्यंत सगळे थट्टा करतात. फोरोला ती थट्टा मरणाहून वाईट वाटायची.

"काय साल्या, सकाळी जेवला नाहीस वाटतं?" फोरो खालून ओरडला. "जरा जोर लाव की!"

"लावतो ना दाजी," नाबोर म्हणाला, आणि पुढचं कौल त्यानं गळ्याच्या रोखानं सोडलं.

फोरोनं मान वाकवली. कौल त्याच्या खांद्याला घासून अंगणात जाऊन फुटलं. वळचणीपाशी उभा असलेला टोळीतला बर्नाबे शिव्या देत बाजूला झाला. खालून टोळीचे मुकादम सिरिलोमामा ओरडले, "अरे, कौलं परत लावायची आहेत! फोडताय काय भडव्यांनो!"

खरंच परत लावायची होती. या वाळवंटात कौल म्हातारं होत नाही, त्याच्या खालचा डांबरी कागद म्हातारा होतो. वीस उन्हाळे खाल्ले की पापडासारखा तडकतो, आणि पवनचक्क्यांच्या खिंडीतून येणारा वारा वाळू घेऊन कौलाखाली शिरतो, उरलासुरला कागद खाऊन टाकतो. मग मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरातून आलेली ही माणसं येतात, कौलं उतरवतात, कुजलेल्या फळ्या बदलतात, नवा कागद ठोकतात आणि तीच कौलं पुन्हा चढवतात. कॅलिफोर्नियातल्या डेझर्ट हॉट स्प्रिंग्ज गावच्या चढावरचं हे घर एका गोऱ्या म्हातारीचं होतं. मागचं पाखं काल उघडं करून, कागद टाकून झालं होतं. आज पुढचं चाललं होतं.

नाबोरच्या डोक्यात मात्र कौलंही नव्हती आणि कागदही नव्हता. त्याच्या डोक्यात एल्विराताईचं मनगट होतं.

रविवारी चर्चबाहेर ती ओढणीत हात गुंडाळून उभी होती. "पायरीवरून पडले," म्हणाली. तिची पोरगी इत्सी, सहा वर्षांची, शेजारी उभी राहून बर्फाचा गोळा खात होती. ती सहज म्हणाली, "पडली नाही काही. बाबांनी गाडीचं दार लावलं तिच्या हातावर. दोनदा."

दोनदा. एकदा चुकून लागतं, माणूस समजू शकतो. दोनदा म्हणजे दार उघडून परत लावायचं. नाबोरला त्या दिवसापासून जेवण गेलं नव्हतं. आई गेल्यावर याच ताईनं त्याला पाठीवर बांधून मक्याच्या शेतात नेलं होतं, तिचा हात तो!

त्यानं मामांना सांगितलं. मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ, टोळीत सगळेच त्यांना मामा म्हणत. ते बूट झाडत म्हणाले, "नवराबायकोच्या मधे पडू नये रे बाबा. आज भांडतील, उद्या गोड होतील." पोलिसात जायचं तर ताईकडं कागदपत्रं नव्हती, आणि फोरो तिला रोज तेच ऐकवायचा. तू गेलीस की तुला सीमेपार टाकतील, पोरगी माझ्याकडं राहील.

म्हणून ताईनंच ठरवलं. फोरो छपरावर असताना इंडिओहून साडेबाराची बस धरायची, पोरीला घेऊन मडेराला मावसबहिणीकडं जायचं. नाबोरकडं तिनं एवढंच मागितलं. "तोवर त्याला घरी येऊ देऊ नकोस. आणि नाबोर, मारू नकोस हं त्याला. तू तुरुंगात गेलास तर मी कुणाच्या जिवावर जाऊ?"

नाबोरनं मान हलवली होती. सोपं काम वाटलं होतं. टोळी पाचच्या आत कधी सुटत नाही.

पण वाऱ्याला कोण विचारतो! दहा वाजता खिंड भरून आली. पवनचक्क्या दिसेनाशा झाल्या, वाळूचा पडदा चढावरून वर आला आणि छपरावर उभं राहणं मुश्कील झालं. अर्धवट सुटलेलं एक कौल आपोआप उठलं आणि पानासारखं उडत जाऊन शेजाऱ्याच्या भिंतीवर फुटलं. सिरिलोमामांनी दोन्ही हात हलवले. "बस! उतरा सगळे! आज काम बंद!"

फोरो सगळ्यांच्या आधी उतरला. फुटलेली बोटं चोखत म्हणाला, "बरं झालं. घरी जातो, बायकोच्या हातचं गरम खातो."

नाबोरनं घड्याळ पाहिलं. ताई अजून पिशव्या भरत असणार. इथून घर पाऊण तास.

"दाजी," तो म्हणाला, "आणि क्रूस?"

सगळे थांबले. तीन मे होती, गवंड्यांचा आणि छपरवाल्यांचा सण. या दिवशी चालू कामाच्या माथ्यावर सजवलेला क्रूस लावतात आणि मग खाली जेवण होतं. चुरिपोचं पातेलं मामींनी सकाळीच गाडीतून पाठवलं होतं, मांसाचा लाल रस्सा आणि पानात उकडलेले मक्याचे कोरुंदे. दर वर्षी क्रुसाचा एक मानकरी असतो. तो क्रूस घडवतो आणि तोच आपल्या हातानं ठोकतो. या वर्षी मान फोरोनं मागून घेतला होता. क्रूस त्याच्या गाडीत पडला होता, पुरुषभर उंचीचा, लाल-पांढऱ्या कागदी फुलांनी मढवलेला. फुलं ताईनं केली होती. एका हातानं.

"अरे, वारा बघ!" मामा म्हणाले. "उद्या लावू."

"उद्या चार तारीख आहे मामा. देवाला काय सांगायचं, मानकऱ्याला वारा लागत होता म्हणून?" नाबोर फोरोकडं वळला आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "असू दे, असू दे. भीती वाटणारच. आपला दाजी घरातच शूर."

बर्नाबे फिस्सकन हसला. टोळीतल्या एलिसेओनं पाठ फिरवली, पण त्याचेही खांदे हलत होते. फोरोच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"कोण घाबरतं रे?" तो म्हणाला. "ये वर. तू धर, मी ठोकतो. बघू कुणाची फाटते ते."

दोघं चढले. क्रूस वर नेताना वाऱ्यानं तो दोनदा हातातून ओढला, निम्मी फुलं तिथंच उडून गेली. आढ्यावर धुराड्याजवळ दोघं गुडघ्यांवर बसले. पुढच्या पाख्याच्या वाशात मामांनी लोखंडी कडी बसवली होती. दोघांच्या कंबरपट्ट्याचे दोर त्या कडीला होते. नाबोरनं क्रूस मिठीत धरला, फोरोनं त्याच्या पायात वीतभर लांबीचे खिळे ठोकायला सुरुवात केली. ठोकता ठोकता एकदा हातोडी नाबोरच्या बोटावर बसली. चुकून नव्हती बसली. नाबोरनं ओठ चावला आणि क्रूस सोडला नाही. वेळ जातोय, जाऊ दे, एवढंच तो मनात म्हणत होता.

खिळे चालले होते मागच्या पाख्याच्या सगळ्यात वरच्या फळीत. त्या फळीची गंमत नाबोरला ठाऊक होती. काल तिच्यात पेचकस घातला तर मुठीपर्यंत आत गेला होता. मामा म्हणाले होते, ही बदल. फोरोला लवकर सुटायचं होतं. त्यानं वरून नवा कागद ताणून ठोकला आणि मोकळा झाला. एकदा वर कागद आला की त्याच्या दृष्टीनं फळी नवी झाली.

"मागचा कागद उडतोय रे!" खालून मामांचा आवाज आला. "वर आहात तर चार पट्ट्या मारा त्याच्यावर! नाहीतर सगळा फाटून जाईल!"

मागच्या पाख्यावर कागद खरोखरच फुगून फडफडत होता. फोरो आढं ओलांडून तिकडं निघाला, तसा त्याचा दोर ताणला गेला. पुढच्या कडीवरून मागं पुरत नव्हता. त्यानं आकडा सोडला आणि दोराचं टोक क्रुसाच्या पायाला गुंडाळून गाठ मारली.

"त्याला बांधतोस?" नाबोरच्या तोंडून निघालं.

"मग? मानकरी मी, खिळे माझे. माझा देव मला पाडणार होय?"

नाबोरनं तोंड उघडलं. फळी सडकी आहे, एवढंच बोलायचं होतं. त्याला गाडीचं दार आठवलं, उघडून परत लावलेलं. त्यानं तोंड मिटलं. बोलायला हवं होतं, हे त्याला त्याही क्षणी कळत होतं. पण नाही बोलला.

मागची बाजू वाईट होती. घर चढावर, त्यामुळं तिकडं वळचणीखाली दोन मजले मोकळे, आणि त्याखाली म्हातारीनं रचलेला धारदार दगडांचा बांध आणि निवडुंग. फोरो त्या पाख्यावर बसून कागदावर लाकडी पट्ट्या ठोकत खाली सरकत होता. वारा पाठीत धक्के मारत होता. कागदावर वाळूचा थर बसला होता आणि बूट त्यावर दाण्यांवरून घसरावेत तसे घसरत होते.

आणि फोरोच्या खिशातला फोन वाजला.

त्यानं तो कानाशी दाबला. "कोण? चायो? मोठ्यानं बोल! काय? कुठली गाडी?" चायो म्हणजे फोरोच्या शेजारची बाई, सगळ्या वस्तीच्या खिडक्या सांभाळणारी. "पिशव्या? कसल्या पिशव्या? पोरगी पण?"

फोन खिशात गेला. फोरोनं मान वर केली आणि आढ्यावर बसलेल्या नाबोरकडं पाहिलं. 

"क्रूस," तो म्हणाला. "म्हणून तुला क्रूस आठवला काय रे कुत्र्या!"

तो चार पायांवर वर यायला लागला. कमरेची छपरावरची कुऱ्हाड त्याच्या हातात आली होती, एका बाजूला हातोडी आणि दुसऱ्या बाजूला पातं असलेली. नाबोर आढ्यावर आडवा झाला. शिडी त्याच्या पाठीमागं, पुढच्या पाख्याला होती. तिथं जायचं तर त्याच्या अंगावरूनच जावं लागणार होतं.

"सरक."

"नाही."

"सरक म्हणतो! तिचे पाय तोडून आणतो घरी, मग तुझ्याकडं बघतो!"

पहिला घाव नाबोरनं हातावर घेतला. कोपराखाली पातं बसलं, शर्टाची बाही उघडली आणि आतलं मांसही. दुखलं नाही, नुसतं गरम वाटलं. त्यानं फोरोच्या तोंडावर बूट घातला. फोरोचा दात तुटला, रक्त वाऱ्यानं उडून नाबोरच्याच डोळ्यांत गेलं. फोरोनं त्याचा पाय धरून खाली ओढला. दोघं आढ्यावर एकमेकांच्या गळ्यात पडल्यासारखे लोळले. फोरो अंगानं दुप्पट. त्यानं नाबोरचं डोकं फळीवर आपटलं, एकदा, दोनदा. "दोनदा" हा शब्द नाबोरच्या डोक्यात फुटला आणि त्यानं सगळी ताकद लावून गुडघा फोरोच्या पोटात घातला.

त्याच वेळी खिंडीतून झोत आला. फोरो उठायला गेला होता. वाऱ्यानं त्याला उभाच्या उभा उचलल्यासारखं मागं टाकलं. तो पाठीवर आपटला आणि वाळूवरून सरळ खाली निघाला, हातांनी कागद ओरबाडत. दोर ताठ झाला. क्रूस एक क्षण थरथरला, मग मऊ भाकरीतून काडी निघावी तसे खिळे फळीतून बाहेर आले आणि क्रूस दोरामागं निघाला.

क्रुसाचा आडवा हात नाबोरच्या बरगडीवर बसला. आणि नाबोरनं काय केलं? त्यानं दोर धरला.

का धरला, हे त्याला विचारू नका, त्यालाही सांगता येणार नाही. हातानं धरला. तळव्याची कातडी सोलून गेली तरी हात सुटला नाही. दोर हिसका देऊन थांबला तेव्हा फोरो वळचणीखाली गेला होता. क्रूस सुटून खालच्या दगडांवर आदळला. नाबोरनं आपल्या दोराच्या आधारानं अंग मागं ओढत नेलं आणि फोरोच्या दोराला धुराड्याभोवती दोन वेढे टाकले. आता विटांनी वजन घेतलं होतं. त्याला फक्त टोक धरून बसायचं होतं.

"नाबोर!" खालून आवाज आला. "ओढ मला! नाबोर, आई शप्पथ, ओढ!"

नाबोर धापा टाकत बसला. हातातलं रक्त दोरावरून खाली चाललं होतं. टोक सोडलं की झालं. वारा होता, क्रूस उपटला, सगळ्यांनी पाहिलं. कुणी काही म्हणणार नाही. त्याला खरोखर सोडावंसं वाटलं, भूक लागल्यासारखं वाटलं. मारू नकोस, ताई म्हणाली होती. पण ओढून घे असं काही ती म्हणाली नव्हती.

त्यानं सोडलं नाही, आणि ओढलंही नाही.

सिरिलोमामा धापा टाकत चढ उतरून मागच्या बाजूला आले. वर बघतात तो हा प्रकार! फोरो दोन मजल्यांवर लोंबतोय, भिंतीला पाय लावून. "मामा! शिडी!" तो ओरडला. "हा मला मारतोय!"

"मामा, थांबा!" वरून नाबोर ओरडला. "ताई निघाली आहे. पोरीला घेऊन. बस सुटायची आहे अजून!"

मामा जागीच थांबले. त्यांनी नाबोरचा उघडा पडलेला हात पाहिला. दगडांत पडलेली कुऱ्हाड पाहिली, तिचं पातं पाहिलं.

"बर्नाबे," ते म्हणाले, "शिडी आण."

"आणतो मामा!"

"सावकाश आण. वारा आहे."

बर्नाबेनं त्यांच्याकडं पाहिलं, आणि त्याला कळलं. तो असा सावकाश गेला की त्याच्या आजीनं त्याला मागं टाकलं असतं. शिडी आली तर एलिसेओ म्हणाला, हिचा पाय हलतो, बांधून घेऊ. बांधायला तार कुठाय? तार गाडीत. गाडीत कुठं? चुरिपोच्या पातेल्याखाली. मग पातेलं उतरवायला दोघं लागले.

"दोर पक्का आहे ना रे?" मामांनी वर विचारलं.

"पक्का आहे."

"मग झालं." मामा दगडावर बसले. आजवर नवराबायकोच्या मधे न पडलेला हा माणूस टोपी गुडघ्यावर ठेवून बसला आणि फोरोकडं नुसता बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर स्वतःची लाज दिसत होती.

फोरो आधी शिव्या देत होता. मग धमक्या, सगळ्यांना एकेक करून. मग तो रडायला लागला. "नाबोर, मी तिला हात लावणार नाही रे. क्रुसाची शप्पथ घेतो!"

"क्रूस खाली पडलाय दाजी," नाबोर म्हणाला. अशा शपथा त्यानं दर ईस्टरला ऐकल्या होत्या.

वारा अंगावरून वाळू ओढत होता. हात बधिर झाला, मग दंड, मग मान. डोळ्यांपुढं काळं यायला लागलं तेव्हा एलिसेओ पुढच्या शिडीनं वर आला, मागं बसून त्यानं दोराचं टोक आपल्याही मुठीत घेतलं.  मग नाबोरच्या खिशातला फोन वाजला. नाबोरची बोटं उघडत नव्हती. एलिसेओनंच फोन काढून त्याच्या कानाला लावला.

"निघाले रे," ताई म्हणाली. आवाज श्वास घेतल्याशिवाय बोलल्यासारखा होता. "बस हलली. इत्सी खिडकीत बसलीय."

नाबोरनं डोळे मिटले. खाली बघून त्यानं मान हलवली. एलिसेओनं मामांना हात केला, आणि बघता बघता शिडीचा पाय बरा झाला, बर्नाबे वळचणीपर्यंत चढला आणि त्यानं फोरोच्या कमरेला मिठी घातली. नाबोरनं वेढे सैल केले. फोरो भिंतीला टेकून जमिनीवर बसला, तोंडातून रक्त आणि लाळ गळत होती. "कुठं गेली?" तो एकेकाला विचारत होता. "सांगा ना, कुठं गेली?" कुणी सांगितलं नाही. मामांनी त्याच्या खिशातून गाडीची किल्ली काढून घेतली आणि ते जेवण वाढायला गेले.

"नाबोर?" फोनमधून ताईचा आवाज आला. ती अजून तिथंच होती. "एक सांगशील?"

"काय ताई?"

"त्याला..." ती थांबली. "त्याला काही लागलं नाही ना रे?"

नाबोरला वाटलं फोन वाऱ्यात फेकून द्यावा. त्याचा हात हाडापर्यंत उघडा होता, तळव्यांना कातडी उरली नव्हती, आणि ही विचारतेय त्याला! शिवी ओठांवर आली. मग पलीकडून तिचं नाक ओढणं ऐकू आलं, आणि इत्सीचं कुणाला तरी विचारणं, बाबा कधी येणार? तेव्हा त्याला कळलं की सगळ्यात अवघड काम अजून राहिलंच आहे, आणि ते दोरानं होणारं नाही.

"काही लागलं नाही," तो म्हणाला. "चुरिपो खातोय खाली बसून. ताई, ऐकतेस ना? मधे कुठं बस थांबेल. तू उतरू नकोस."

 फोनमध्ये बसचा आवाज येत राहिला. एलिसेओचा हात अवघडला तरी त्यानं फोन तसाच धरून ठेवला, आणि नाबोर ऐकत बसला.